दंतवल्कावरील बंधसामर्थ्य चाचणी

दंतवल्कावरील बंधसामर्थ्य चाचणी ही दात भरण्यासाठी वापरले जाणारे पदार्थ दाताच्या बाह्य कठीण आवरणाला किती घट्ट चिकटतात, हे मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत आहे. दाताच्या या आवरणाला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. काढलेल्या दातावर भरणद्रव्याचा ठरावीक आकाराचा लहान ठोकळा चिकटवला जातो आणि तो सुटेपर्यंत यंत्राच्या साहाय्याने त्यावर बल लावले जाते. सुटण्याच्या क्षणीचे बल भागिले चिकटलेले क्षेत्रफळ म्हणजे बंधसामर्थ्य होय. ते मेगापास्कल या एककात व्यक्त करतात; एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन बल.

नवे भरणद्रव्य किंवा नवा चिकटद्रव बाजारात येण्यापूर्वी बहुधा ही चाचणी होते, आणि दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रबंधांतही ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. चाचणी स्वस्त व जलद आहे, मात्र तिच्यातून मिळणारा आकडा हा पदार्थाचा घनतेसारखा स्थिर गुणधर्म नाही. तो विशिष्ट दात, विशिष्ट हात आणि विशिष्ट यंत्र यांच्या संयोगातून आलेला निष्कर्ष असतो.

पार्श्वभूमी

दंतवल्क हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असून ते खनिज मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांचे बनलेले असते. हे स्फटिक सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीच्या दांड्यांच्या स्वरूपात एकमेकांना लागून रचलेले असतात. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात. त्यामुळे एकदा झिजलेले किंवा कोरून काढलेले दंतवल्क पुन्हा निर्माण होत नाही.

दात भरण्याच्या जुन्या पद्धतीत याच ऊतीचे मोठे नुकसान होत असे. पारा व चांदीच्या मिश्रधातूचे भरण, ज्याला बोलीभाषेत ‘चांदी भरणे’ म्हणतात, दाताला चिकटत नाही. ते जागेवर राहावे म्हणून पोकळी तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद कोरावी लागते, म्हणजेच किडलेल्या भागाबरोबर निरोगी दातही कापावा लागतो. अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिलेल्या नियमांत तर पुढे कीड लागू नये म्हणून पोकळी निरोगी भागापर्यंत वाढवण्याचा उपदेश होता. चिकटणाऱ्या भरणद्रव्यांमुळे ही गरज संपली आणि केवळ किडलेला भाग काढणे पुरेसे ठरू लागले. पण मग भरण टिकणे किंवा निखळणे हे सर्वस्वी बंधावर अवलंबून राहिले. बंध सैल पडला की कडेने लाळ व जीवाणू आत शिरतात, भरणाखाली पुन्हा कीड लागते आणि दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीत दाताचा आणखी थोडा भाग जातो.

इतिहास

दंतवल्काला राळेसारखा पदार्थ टिकाऊपणे चिकटवता येतो, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी इ.स. १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’ या नियतकालिकातील एका छोट्या लेखात दाखवून दिले. ते न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन दंत रुग्णालयात काम करीत. रंग किंवा लेप नीट बसावा म्हणून कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागावर फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. तीच युक्ती त्यांनी दातावर योजली. ८५ टक्के तीव्रतेचे फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट लावून, धुऊन व वाळवून त्यावर त्यांनी ॲक्रिलिकचे थेंब चिकटवले. आम्ल न लावलेल्या दातांवरील थेंब काही तासांतच सुटले. आम्ल लावलेल्यांवरील थेंब कितीतरी अधिक काळ टिकले. त्या काळी बंध मोजण्याचे मान्य यंत्र नव्हते. ‘थेंब किती वेळ टिकला’ हेच या क्षेत्रातील पहिले मोजमाप म्हणावे लागेल.

या शोधाकडे पहिली काही वर्षे फारसे कोणी वळले नाही. ॲक्रिलिक घट्ट होताना फार आकसत असे आणि भरण म्हणून ते निकृष्टच होते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझीन विकसित केले व इ.स. १९६२ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्यात काचेची भुकटी मिसळून आजचे दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरण तयार झाले. इ.स. १९६७ मध्ये ग्विनेट व मात्सुई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की आम्लाने उघडलेल्या छिद्रांत रेझीन शिरून तेथेच घट्ट होते व त्याच्या असंख्य सूक्ष्म खुंट्या बनतात. बंध प्रामुख्याने यांत्रिक असतो, हे यामुळे स्पष्ट झाले. इ.स. १९७५ मध्ये सिल्व्हरस्टोन व सहकाऱ्यांनी आम्लामुळे दंतवल्कावर उमटणाऱ्या नक्षीचे तीन प्रकार वर्णन केले. पहिल्यात दांड्यांचा गाभा विरघळतो, दुसऱ्यात कडा विरघळतात, तर तिसऱ्यात निश्चित नक्षी दिसत नाही.

दरम्यान लंडनमध्ये ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी इ.स. १९७०च्या दशकाच्या आरंभी ग्लास आयोनोमर सिमेंट शोधले. ते दंतवल्कातील कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करते. त्याचे बंधसामर्थ्य कॉम्पोझिटपेक्षा बरेच कमी असते, पण त्यासाठी फॉस्फोरिक आम्लाच्या प्रक्रियेची अट नाही आणि किंचित ओलाव्यातही ते चालते. मुलांच्या दुधाच्या दातांसाठी ते म्हणूनच आजही वापरात आहे.

दातांची निवड व जतन

चाचणीची गुणवत्ता यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेली असते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचा आयएसओ ११४०५ हा दस्तऐवज दातावरील आसंजनाच्या चाचण्यांसाठी मार्गदर्शक मानला जातो. त्यानुसार दात काढल्यापासून शक्यतो एका महिन्याच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांच्या आत वापरावा. दात वाळू देऊ नये. जंतुवाढ रोखण्यासाठी तो प्रथम जास्तीत जास्त आठवडाभर क्लोरामाइन-टी द्रावणात व नंतर सुमारे ४ अंश सेल्सियस तापमानाच्या शुद्ध पाण्यात ठेवावा. दात कोणत्या द्रवात ठेवला यानेही आकडे बदलू शकतात.

मानकात अक्कलदाढांना पसंती असली तरी भारतातील अभ्यासांत उपदाढा अधिक आढळतात. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या उपचारात जागा करण्यासाठी निरोगी उपदाढा काढाव्या लागतात आणि त्या तरुण रुग्णांच्या, कीड नसलेल्या अशा मिळतात. उलट, हिरड्यांच्या आजाराने हलू लागलेले वृद्धांचे दात सहज उपलब्ध असले तरी त्यांचे दंतवल्क झिजलेले व भेगाळलेले असल्याने ते टाळले जातात. परदेशी संशोधनात गोवंशीय प्राण्यांचे दातही पर्याय म्हणून वापरले जातात. काढलेला दात हा मानवी ऊतीचा नमुना असल्याने त्याच्या वापरासाठी रुग्णाची संमती व संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते.

नमुना तयार करणे

दाताचे मूळ ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात रोवून मुकुटाची एक बाजू वर ठेवली जाते. दाताचा नैसर्गिक पृष्ठभाग वक्र असतो, म्हणून तो सिलिकॉन कार्बाइडच्या ओल्या घासकागदावर घासून सपाट करतात. येथे थोडे अधिक घासले गेले तर दंतवल्क संपून खालचे दंतिन उघडे पडते आणि नमुना बाद होतो. दंतिनात खनिजाचे प्रमाण वजनाने सुमारे ७० टक्के असून उरलेला भाग प्रथिने व पाण्याचा असल्याने त्यावरील बंधाचे गणित पूर्णपणे वेगळे असते.

यानंतर ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद लावतात, पाण्याने धुतात आणि हवेने वाळवतात. पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका दिसला की आम्लाचे काम झाले असे समजतात. त्यावर चिकटद्रवाचा पातळ थर लावून तो निळ्या प्रकाशाने कडक केला जातो व साच्यातून कॉम्पोझिटचा छोटा दंडगोल उभारला जातो. या टप्प्यावर लाळेचा स्पर्श झाला तर बंध लक्षणीयरीत्या घटतो. प्रयोगशाळेत लाळ नसते. रुग्णाच्या तोंडात ती सतत असते, आणि प्रयोगशाळेतील आकडे उजळ दिसण्याचे हे एक साधे कारण आहे.

तयार नमुने किमान २४ तास ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवतात. गरम चहा व थंड पाणी यांचा परिणाम अजमावण्यासाठी काही नमुने ५ अंश व ५५ अंश तापमानाच्या पाण्यात आळीपाळीने बुडवले जातात. मानकात अशी ५०० आवर्तने सांगितली आहेत. गेल व डार्वेल यांनी इ.स. १९९९ मध्ये मांडलेला अंदाज असा की तोंडातील एका वर्षाची बरोबरी करण्यास सुमारे १०,००० आवर्तने लागावीत. तो ग्राह्य धरला तर ५०० आवर्तने म्हणजे जेमतेम अठरा दिवस.

चाचणीचे प्रकार

कर्तन चाचणी सर्वाधिक प्रचलित आहे. दातावर उभ्या राहिलेल्या दंडगोलाच्या बुडाशी, दंतवल्काला समांतर, पोलादी पाते किंवा तारेचा फास टेकवून यंत्र मंद गतीने खाली ढकलते. गती साधारणपणे मिनिटाला ०.५ ते १ मिलिमीटर असते. पद्धत सोपी असल्याने ती लोकप्रिय झाली, परंतु तिच्यावर टीकाही सर्वाधिक झाली आहे. पात्याची धार जेथे टेकते तेथे प्रतिबल एकवटते आणि तेथूनच तडा सुरू होतो, असे संगणकीय विश्लेषणातून दिसून आले. पाते बंधाच्या रेषेपासून थोडे जरी दूर गेले तरी नमुन्यावर केवळ कर्तन राहत नाही, तो वाकू लागतो. हा दोष कमी करण्यासाठी दंडगोलाच्या गोलाईत बसेल अशी अर्धवर्तुळाकार खाच असलेले पाते पुढे आले आणि इ.स. २०१३ मध्ये आयएसओ २९०२२ या मानकाने त्या पद्धतीला स्वतंत्र स्थान दिले.

ताण चाचणीत नमुना दंतवल्काला लंब दिशेने ओढला जातो. ओढीची रेषा बंधाच्या मध्यातून तंतोतंत जाणे आवश्यक असते. ती किंचित कलली तरी एक कड आधी उघडते.

जपानमधील हिदेहिको सानो व सहकाऱ्यांनी इ.स. १९९४ मध्ये सूक्ष्मताण चाचणी मांडली. तिच्यात चिकटवलेला दात हिऱ्याच्या पातळ चकतीने पाण्याखाली कापून सुमारे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या काढल्या जातात व प्रत्येक काडी स्वतंत्रपणे ओढली जाते. बंधाचे क्षेत्र जितके लहान तितके मोजलेले सामर्थ्य जास्त, हे त्यांनी दाखवले. लहान क्षेत्रात बुडबुडा किंवा भेग असण्याची शक्यता कमी असते, हे त्याचे कारण. एका दातातून अनेक काड्या मिळत असल्याने दातांची बचत होते. दंतवल्काच्या बाबतीत मात्र ही पद्धत जपून वापरावी लागते. दंतवल्क ठिसूळ असल्याने कापतानाच अनेक काड्या तुटतात. चाचणीपूर्वी तुटलेल्या या काड्यांचे सामर्थ्य शून्य धरायचे की त्या हिशेबातून वगळायच्या, यावर अभ्यासाची सरासरी बरीच बदलू शकते.

आकड्याची गणना

समजा, ३ मिलिमीटर व्यासाचा दंडगोल १५५.५ न्यूटन बलाला सुटला. त्याचे क्षेत्रफळ ७.०७ चौरस मिलिमीटर, म्हणून बंधसामर्थ्य २२ मेगापास्कल. हे बल सुमारे १६ किलो वजनाइतके होते. आता चिकटद्रव साच्याबाहेर पसरून बंधाचा प्रत्यक्ष व्यास ३.२ मिलिमीटर झाला असेल, तर खरे क्षेत्रफळ ८.०४ चौरस मिलिमीटर आणि खरे सामर्थ्य १९.३ मेगापास्कल ठरते. दोन दशांश मिलिमीटरच्या निष्काळजीपणामुळे आकडा सुमारे १४ टक्क्यांनी फुगतो. कित्येक अभ्यासांत दोन उत्पादनांमधील जाहीर केलेला फरक याहून मोठा नसतो.

कर्तन चाचणीत फॉस्फोरिक आम्लाने प्रक्रिया केलेल्या दंतवल्कावर कॉम्पोझिटचे बंधसामर्थ्य साधारणतः १५ ते ३० मेगापास्कलच्या दरम्यान, तर पारंपरिक ग्लास आयोनोमरचे बहुधा एक आकडीच नोंदले जाते. कॉम्पोझिट घट्ट होताना त्याचे आकारमान सुमारे २ ते ३ टक्क्यांनी घटते आणि ते स्वतःच बंधाला आतून ओढते. या ओढीला पुरून उरण्यासाठी साधारण १७ ते २० मेगापास्कल सामर्थ्य हवे, असा दाखला दंतवैद्यकीय ग्रंथांत वारंवार दिला जातो. दात सरळ करण्याच्या उपचारात चिकटवल्या जाणाऱ्या ब्रॅकेटसाठी मात्र रेनॉल्ड्स यांनी इ.स. १९७५ मध्ये सुचवलेली ६ ते ८ मेगापास्कलच्या आसपासची मर्यादा पुरेशी मानतात. उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढायचा असतो, त्यामुळे तेथे बंध अतिघट्ट असणे हाच धोका ठरतो; ब्रॅकेटबरोबर दंतवल्काची खपलीही निघू शकते.

भंगाचे स्वरूप

नमुना किती बलाला सुटला याइतकेच तो कोठून सुटला हे महत्त्वाचे आहे. सुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भंगाचे वर्गीकरण केले जाते. दंतवल्क व भरण यांच्या सीमेवरच सुटल्यास तो आसंजक भंग. भरणाच्या किंवा दंतवल्काच्या आतच तुटल्यास संसंजक भंग. दोन्ही आढळल्यास मिश्र भंग. दंतवल्कच फुटले असेल तर यंत्राने नोंदलेला आकडा बंधाचा नसून दंतवल्काच्या ताकदीचा असतो. अशा नमुन्यांचे प्रमाण जास्त असताना केवळ सरासरी देणे दिशाभूल करणारे ठरते. चाचणीचे निकाल फार विखुरलेले असल्याने सरासरी व प्रमाण विचलनाबरोबर स्वीडिश अभियंते वालोदी वायबुल यांच्या नावाने ओळखले जाणारे सांख्यिकीय वितरणही वापरले जाते. सर्वांत कमजोर नमुने किती बलाला तुटतील, हे त्यातून कळते. रुग्णाच्या दृष्टीने सरासरीपेक्षा हीच माहिती अधिक उपयोगाची आहे, कारण निखळते ते कमजोर भरणच.

फ्ल्युओरोसिसग्रस्त दंतवल्क

महाराष्ट्राच्या दृष्टीने या चाचण्यांचा सर्वांत निकडीचा उपयोग फ्ल्युओरोसिस झालेल्या दातांबाबत आहे. लहानपणी, कायमचे दात हिरडीखाली घडत असताना पिण्याच्या पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्यास दंतवल्क सदोष बनते. दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग आणि तीव्र अवस्थेत खड्डे पडतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पाण्यातील फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. चंद्रपूर व यवतमाळ हे जिल्हे तसेच नांदेड जिल्ह्याचा किनवट परिसर येथील काही गावांच्या भूजलात ही मर्यादा ओलांडली गेल्याचे ज्ञात आहे. राज्याच्या या पूर्व पट्ट्यात दख्खनच्या बेसाल्टऐवजी किंवा त्याखाली ग्रॅनाइट व नाइस प्रकारचे जुने खडक आहेत आणि त्यांतील खनिजांतून खोल विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड उतरते.

अशा दातांत दंतवल्काचा सर्वांत बाहेरचा पातळ थर अतिखनिजयुक्त व आम्लरोधक असतो, तर त्याखालचा थर सच्छिद्र व कमकुवत असतो. नेहमीच्या वेळेत आम्ल वरच्या थरावर पुरेशी नक्षी कोरू शकत नाही. म्हणून आम्ल अधिक वेळ लावणे, वरचा थर हलकेच घासून काढणे किंवा बारीक कणांच्या माऱ्याने तो खरवडणे असे उपाय चाचणीद्वारे तपासले गेले आहेत. निष्कर्ष एकसारखे नाहीत. फ्ल्युओरोसिसची तीव्रता मोजण्याचे डीन यांचे तसेच थायलस्ट्रप व फेयरस्कोव्ह यांचे निर्देशांक वेगवेगळे असल्याने ‘मध्यम’ म्हटलेले दात सर्व अभ्यासांत सारखेच असतात असे नाही. सौम्य फ्ल्युओरोसिसमध्ये बंध निरोगी दंतवल्काच्या जवळपास जातो आणि तीव्र अवस्थेत तो घटतो, असा सर्वसाधारण कल दिसतो. ज्या तरुणांना डागांमुळे हसताना तोंडावर हात धरण्याची सवय लागते, त्यांच्या पुढच्या दातांवरील कॉम्पोझिटचा लेप टिकेल की वर्षभरात निखळेल, हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते.

दात पांढरे करण्याच्या रासायनिक प्रक्रियेनंतरही बंध तात्पुरता कमजोर होतो. पेरॉक्साइडमुळे दंतवल्कात अडकलेला ऑक्सिजन रेझीनच्या बहुवारिकीकरणात अडथळा आणतो. म्हणून भरण करण्यापूर्वी एक ते दोन आठवडे, काही वेळा त्याहून अधिक, थांबण्याचा सल्ला दिला जातो. प्रतीक्षा टाळण्यासाठी सोडियम ॲस्कॉर्बेट आणि द्राक्षबियांचा अर्क यांसारख्या ऑक्सिडीकरणरोधकांच्या चाचण्या झाल्या असून भारतीय संशोधकांनी त्यांत विशेष रस घेतला आहे.

महाराष्ट्रातील चाचण्या

राज्यातील बहुतेक दंत महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ इ.स. १९९८ मध्ये स्थापन झाले. दंतवैद्यकाच्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंध अनिवार्य असल्याने दंतसंवर्धन, बालदंतचिकित्सा व दंतव्यंगोपचार या विषयांत बंधसामर्थ्याचे प्रबंध नियमितपणे होतात. रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यास तीन वर्षे अपुरी पडतात. प्रयोगशाळेतील चाचणी मात्र काही महिन्यांत पूर्ण होते.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय इ.स. १९८२ पासून कार्यरत आहे. हर्सूलसारख्या शहराच्या उपनगरांतील रुग्णांबरोबरच विभागातील इतर जिल्ह्यांतील रुग्णांनाही ते सोयीचे आहे. शहर स्वतः बेसाल्टवर वसलेले असले तरी मराठवाड्याच्या पूर्वेकडील फ्ल्युओरोसिसचा प्रश्न विभागातील दंतवैद्यकापासून दूर नाही.

बल मोजणारे सार्वत्रिक चाचणी यंत्र महाग असते आणि प्रत्येक दंत महाविद्यालयात ते नसते. विद्यार्थी नमुने पाण्याच्या बाटल्यांत घालून अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा प्लॅस्टिक व धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या यंत्रावर नेतात. या सोयीत एक तांत्रिक अडचण आहे. पोलादी सळ्या ओढण्यासाठी बनवलेल्या यंत्राची क्षमता १०० किलोन्यूटन असू शकते, तर दातावरील दंडगोल सुमारे १५० न्यूटनला सुटतो, म्हणजे क्षमतेच्या अवघ्या ०.१५ टक्क्याला. लहान बलासाठी योग्य क्षमतेचा भारमापक जोडला नाही तर नोंदीतील दशांशस्थळांना अर्थ उरत नाही. म्हणून प्रबंध वाचताना यंत्राच्या नावाबरोबर भारमापकाची क्षमता, पात्याचा आकार, गती, दातांच्या साठवणीचा काळ आणि चाचणीपूर्वी बाद झालेल्या नमुन्यांची संख्या दिली आहे का, हे पाहिले जाते. या नोंदी नसतील तर दोन अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवून एक भरणद्रव्य दुसऱ्यापेक्षा सरस ठरवता येत नाही. एकाच अभ्यासातील, एकाच हाताने केलेल्या गटांची तुलना तेवढी करता येते.